बोटाला न कळलेली आच

आत्याबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेल्या थंडीत बधिर झाली, ती पुन्हा जागी झालीच नाहीत. ही गोष्ट त्यांनी देवालासुद्धा सांगितली नव्हती, माणसांची तर बातच सोडा.

सांगायची सोय कुठं होती? घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इस्त्रीचं दुकान, आणि मुलगा तर टपूनच बसलेला. जेवताना एकदा म्हणाला, "आई, वय झालं तुझं. गिऱ्हाइकाचा एक कपडा जरी जळला ना, तर दुकान बंद. मग तू मागच्या खोलीत आराम कर."

आराम म्हणे! आत्याबाईंच्या थोरल्या बहिणीला असाच आराम मिळाला होता. मागची खोली, भिंतीकडे तोंड. वर्षाच्या आत ती पोटच्या पोरांची नावं विसरली. तेव्हापासून 'आराम' शब्द ऐकला की आत्याबाई उठून दुकानाकडे वळत.

त्या दुपारी एका गाणाऱ्या बाईंचा रेशमी पोशाख आला. संध्याकाळी कार्यक्रम. कापड असं झिरझिरीत, की जोरात श्वास टाकला तरी सुरकुती पडावी. आणि आजच नेमकी सून घड्या घालायचं सोडून टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"तुला काम नाही का गं?"

"आहे की. बघतेय."

"काय बघतेस? माझ्या तोंडावर नाटक लागलंय?"

"लागलं असतं तर तिकीट काढून बसले असते, आई."

या जिभेला धार लावली होती आत्याबाईंनीच, आता तक्रार कुणाकडे करणार? तोंड चालू होतं, पण आतून त्या हादरल्या. मुलानंच हिला पाळतीवर ठेवलं असणार. म्हणजे सगळं पूर्वीसारखं दिसायला हवं. त्यांनी ऐटीत बोट पाण्यात बुडवलं आणि तापल्या इस्त्रीला टेकवलं. इतकी वर्षं आच अशीच तर पारखली होती. चर्र आवाज झाला. बोट झटकन काढायचं असतं, पण चटकाच लागला नाही तर काढायची आठवण कोण करून देणार?

जळल्याचा वास आला.

आत्याबाईंना वाटलं, गेला पोशाख! पण पोशाख टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. जळत होतं ते त्यांचं बोट.

"आई, काय जळतंय?"

"तुझं डोकं," त्या म्हणाल्या आणि हात पाठीमागे लपवला.

सुनेनं हात ओढून काढला आणि सरळ पाण्याच्या मगात बुडवला. "दुखत नाही?"

खोटं बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण आलं ते खरंच. "नाही. थंडीपासून काही कळतच नाही त्या बोटांना."

सुनेनं बोट पाण्यात तसंच दाबून धरलं.

"म्हणून तुम्ही इस्त्री गालाजवळ नेता होय?"

"कोण? मी?"

"मग मी? रोज नेता. मग जुन्या फडक्यावर एकदा फिरवून हुंगता. सुरकुती डाव्या हातानं चाचपता. टेबलसुद्धा उजेडासाठी खिडकीकडे वळवून घेतलंत. मला वाटलं, म्हातारपणाचे चाळे! आज मुद्दाम बघायला उभी राहिले, तर आज नेमकं बोट लावलंत."

आत्याबाई मटकन स्टुलावर बसल्या. टेबल वाऱ्यासाठी वळवलं, असं त्या स्वतःलाच सांगत आल्या होत्या. गेलेल्या बोटांचं काम गालानं, नाकानं, डाव्या हातानं परस्पर वाटून घेतलं, आणि मालकिणीला पत्ता नाही! ती बिचारी महिनोन्‌महिने नुसती घाबरत बसलेली.

तेवढ्यात जिन्यावर मुलाची पावलं वाजली.

"मी काही बोलणार नाही," सून कुजबुजली.

"तू कशाला बोलशील? माझी जीभ बधिर नाही झालेली." त्या उठल्या.

मुलगा दारातच थबकला. "कसला वास हा? काय जळालं?"

"माझं बोट. बधिर आहे, थंडीपासून. आता तिथंच उभा राहा आणि तोंड मिटून बघ."

इस्त्री गालाजवळ नेली. रोज न कळता जमणारी गोष्ट, पण आता तिच्याकडे लक्ष गेलं आणि भरवसाच उडाला. ही आच रेशमाची की सुताची? गाल चुकला तर? इस्त्री फडक्यावर फिरवली, फडकं हुंगलं, थोड्या थांबल्या, इस्त्री पुन्हा गालाजवळ नेली. मग डोळे मिटून रेशमावर ठेवली.

कापड साय पसरावी तसं सपाट होत गेलं. बाह्या, गळा, घेर.

मुलानं पोशाख खिडकीपाशी नेला. पुढून बघितला, उलटा करून बघितला, शिवण नाकाला लावली.

त्यानं पोशाख हँगरला लावला आणि बायकोला म्हणाला, "हिच्या बोटाला मलम लाव आधी. आणि पुढचा कपडा कुणाचा, तो काढ. गिऱ्हाईक खोळंबेल."

सुनेनं एक सदरा टेबलावर पसरला. आत्याबाईंनी इस्त्री उचलली, गालाजवळ नेली.

"एवढ्या वेळात जास्त तापलीय," त्या म्हणाल्या, आणि बटण बंद केलं.