रिकामं गोदाम

तिने कंपनीचा वार्षिक अहवाल पालथा टाकला आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. पुढच्या पानांवर अध्यक्षांचा हसरा फोटो होता. वाचनालयातल्या ताळेबंदाच्या वर्गाचे मास्तर म्हणत, तो पाहून ज्याचं पोट भरत असेल त्याने खुशाल घरी जावं. मास्तर जन्मभर लोकांचे हिशेब तपासून खडूस झालेले गृहस्थ. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं; तेव्हा मागच्या बारीक टिपा आधी वाचा, असा त्यांचा पहिला धडा होता.

या वयात वर्गाला जाण्याचं कारण समोरच पेपर उघडून बसलं होतं. नवरा त्याच पंपांच्या कंपनीत गोदामप्रमुख होता, निवृत्तीला टेकलेला. कंपनी आपल्या माणसांना स्वस्तात शेअर देत होती आणि त्याला निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घालायचे होते. त्यातून काही मागे ठेवावं, एवढंही त्याच्या मनात नव्हतं. आपल्याला ताळेबंद वाचता येईपर्यंत अर्जावर सही करायची नाही, अशी अट तिने घातली. तेव्हापासून तो चारचौघांत सांगत सुटला होता की आमच्याकडे आता घरचाच तपासनीस आहे, चहासुद्धा पावती दिल्यावर मिळतो.

अर्जाची मुदत उद्या संपत होती. विक्री उतरलेली, नफा मात्र जागचा हललेला नाही, हे तिला सकाळीच दिसलं होतं. मग शिल्लक मालाच्या टिपेवर तिचं बोट थांबलं. तिने मागच्या वर्षीचा आकडा पाहिला, त्याच्या आधीचा पाहिला. दरवर्षी तो फुगतच गेला होता.

"अहो, तुमचे पंप खपत नाहीयेत."

"कोण म्हणतं?"

"तुमचाच अहवाल. गोदामात माल नुसता साठत चाललाय."

तो पोट धरून हसला. गोदाम मी सांभाळतो का तुझे मास्तर, असं विचारून त्याने तिला चपला घालायला लावल्या. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. रविवार असल्यामुळे फाटकावर एकटा पहारेकरी होता. त्याने वहिनींना सलाम ठोकला, तो नवऱ्यानेच ऐटीत घेतला.

गोदामाचं दार सरकलं. भिंतीला चार खोकी टेकून ठेवलेली, बाकी फरशी मोकळी. मधोमध खडूने रेघा आखल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत पोरं इथे बॅडमिंटन खेळतात, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पत्र्यावरून घुमून परत आला. माल तयार झाला की थेट गाडीत चढतो. बरीच वर्षं असंच आहे. त्याच्या बोलण्यात घर दाखवणाऱ्याचा अभिमान होता.

तिला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. अर्धवट शिकून आपण नवऱ्याच्या रोजीरोटीवर संशय घेतला. ती माघारी वळली, आणि दारातच थांबली. मग अहवालातला तो साठलेला माल होता कुठे?

"वर्षाअखेरीला माल मोजतं कोण?"

"मीच की."

"आणि आकडा?"

"आकडा साहेब नंतर भरतात. मी कोऱ्या तक्त्यावर सही करून ठेवतो. इथे मोजायला आहेच काय?"

तो हसायला लागला. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

बाहेरचे तपासनीस येत नाहीत का, तिने विचारलं. येतात, तो म्हणाला. साहेबांच्या खोलीत बसतात, तक्ता पाहतात, जातात. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. त्याने रिकाम्या फरशीकडे असं पाहिलं, जणू तिथून काही चोरीला गेलंय. तिला त्याचा राग यायला हवा होता. आली फक्त कीव.

दार ओढून कुलूप घालायला त्याला बराच वेळ लागला. किल्ली बसेना. तिने पुढे होऊन ती फिरवली.

"अर्ज नाही देत," तो म्हणाला.

"नका देऊ."

फाटकाशी पहारेकऱ्याने पुन्हा सलाम केला. या वेळी नवऱ्याने तो घेतला नाही. रस्त्यावर आल्यावर तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं,

"तुझ्या मास्तरांना विचारशील? सही करणाऱ्याचं काय होतं ते?"

तो धडा मागच्याच आठवड्यात होऊन गेला होता.

"विचारते हं," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात तिने त्याचा हात धरला.