शून्याच्या बटणावरचा आळ

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, माझ्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत, पण एकही बटण अडकत नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्यावर जो आळ घेतला गेला, त्याची मला अजून किळस येते.

दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या एका दुकानातून सुरुचीने मला घेतले. ती मूळची वाशीमची. मुनिरक्यात खोली घेऊन राहायची आणि नोएडातल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. माझ्या बटणांचा आवाज तिला आवडे, म्हणून ती मला रोज बॅगेत घालून मेट्रोने ऑफिसात नेई. तिथला तिचा वरिष्ठ जयेश मात्र चिप्स खाऊन तेलकट झालेल्या बोटांनी मला बडवायचा. शी!

एकदा रक्त तपासणाऱ्या एका लॅबचे काम आले. रुग्णांना जाणाऱ्या निरोपांत नऊची वेळ बदलून दहा करायची होती. सुरुचीने एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, एकेका रुग्णाच्या ओळीतल्या नऊच्या आकड्यांचा उभा पट्टा एकदम निवडला. असे केले की एकदाच टाइप केलेले प्रत्येक ओळीत उमटते. तिने एक दाबला, मग शून्य. मी दोन्ही इमानाने पोहोचवले. पण त्या एडिटरने एक सगळीकडे लिहिला आणि लगेच पट्टा सोडून दिला! शून्य पडले फक्त पहिल्या ओळीत. सुरुचीने तेवढीच ओळ पाहिली आणि निरोप पाठवले.

बाकी सगळ्यांना निरोप गेला, 'उपाशीपोटी १ वाजता या.'

करोल बागेतले गुणवंतराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मधुमेही. ते दुपारपर्यंत उपाशी राहिले आणि लॅबच्या दारातच चक्कर येऊन पडले. त्यांची मुलगी अलका हिचा फोन आला, तेव्हा सुरुचीने पाठवलेले निरोप पुन्हा उघडून शेवटपर्यंत वाचले.

जयेश म्हणाला, "टेन्शन नको घेऊस यार. शून्याचं बटण खराब होतं, असं सांगू. बात खतम." आणि त्याने मला उचलून भंगाराच्या खोक्यात टाकले.

सुरुचीने मला बाहेर काढून जोडले. तोच पट्टा, पुन्हा एक, पुन्हा शून्य. पुन्हा तेच झाले.

"बटण नीट आहे. एडिटर चुकतोय, आणि मी खालच्या ओळी बघितल्याच नाहीत."

"अच्छा? आणि नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. एक माणूस पडलाय, आणि तू बहाणे शोधतोयस? किळस येते मला."

तिने लॅबला खरे ते कळवले. उरलेल्या रुग्णांना स्वतः फोन केले. लॅबने काम काढून घेतले आणि जयेशने तिच्याशी बोलणे सोडले.

संध्याकाळी ती मला बॅगेत घेऊनच करोल बागेत गेली. अलकाताई दार अडवून उभ्या राहिल्या. आतून गुणवंतरावांचा क्षीण आवाज आला, "कीबोर्ड बिघडला होता म्हणे? तुमच्या ऑफिसातून फोन होता."

"खोटं आहे ते, काका. मी नीट बघितलं नाही."

गुणवंतराव म्हणाले, "यापुढे बघत जा. अलका, हिला पाणी दे."

मित्रांनो, तेलकट हात आम्हाला लावू नका. काम झाले की नजर शेवटच्या ओळीपर्यंत न्या. आणि चूक झालीच, तर ती आमच्या माथी मारू नका. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही.