न्युंबू

"मंग लिंबं पोहत्यात म्हना की आफ्रिकेत," चिमाजी म्हणाला, आणि दुकानात बसलेली बाजारची माणसं पोट धरून हसली.

"लिंबू न्हाई, न्युंबू," महंमद हनीफ म्हणाला. "जनावर आसतंय. हजारोंनी येत्यात. पल्याड गवत आसतंय ना, म्हनून नदीत उतरत्यात. पान्यात सुसरी टपलेल्या."

जुन्नरच्या पेठेतलं हनीफचं हे इंजिन दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे पडद्याआड जोहराबी चहा गाळत होती. नवऱ्याची ही कहाणी तिने इतक्यांदा ऐकली होती, की कुठे कोण हसणार हे तिला पाठ झालं होतं. हनीफ तिकडे साहेब लोकांच्या शिकारीच्या लॉऱ्या चालवायचा. अर्धी उमर तिकडे घालवून हात हलवत परत आला, तेव्हा सोबत आणली ती एवढी एक गोष्ट. ती त्याने साऱ्या बाजाराला सांगितली, बायकोला मात्र कधी सांगितली नाही. तिनेही विचारली नव्हती.

"आवो पन जनावर म्हंजे कसलं?" चिमाजी त्याला सोडायला तयार नव्हता.

लिंबू ऐकून ऐकून हनीफला वीट आला होता. "रानगाय समजा," तो वैतागून म्हणाला.

झालं. हसणं तिथेच थांबलं.

"गाया सुसरी खात्यात," चिमाजी सावकाश म्हणाला, "आन तुमी बघत बसायचा?"

हनीफने सावरायचा खूप प्रयत्न केला, पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा येणार? विहिरीवरच्या इंजिनचं नोझल दुरुस्तीला आणलं होतं, ते चिमाजीने फडक्यात गुंडाळलं आणि तो आपल्या गावाच्या, बोरीच्या वाटेला लागला.

त्यानंतर दुकानात चिटपाखरू फिरकेना. आळ्यापासून डिंगोऱ्यापर्यंत गावोगावी एकच बोलणं, हनीफ मेकॅनिक गाई मरताना मजा बघत होता. दिवाळी होऊन गेली, विहिरींवरची इंजिनं सुरू व्हायचे दिवस आले, आणि हनीफ पान्हे पुसून पुसून पुन्हा तिथेच ठेवू लागला. त्यातच नैरोबीचा त्याचा जुना जोडीदार नवाब लेकीच्या लग्नाला गावी आला. कार्तिक संपायच्या आत त्याची बोट होती. "चल माघारी, हितं काय ठेवलंय?" असं तो रोज येऊन म्हणे, आणि हनीफ नाही म्हणत नसे.

जोहराबी थकली होती. कामाने नव्हे, निरोप देऊन थकली होती. त्याची पेटी तिने तीनदा भरली होती. दुसऱ्या खेपेला तो तिकडे असताना हसीना तापाने गेली. सहा वर्षांची पोर. जनाजा शेजाऱ्यांनी उचलला. हनीफ आला तो दोन वर्षांनी, आणि पोरीची कबर कुठली हे त्याला दाखवावं लागलं. तेव्हापासून दोघांत जेवलात का आणि मीठ कमी आहे का, एवढंच बोलणं उरलं होतं.

एका दुपारी ती पडदा सारून दुकानात आली. "दिसतं कसं ते जनावर?" तिने विचारलं.

हनीफ बघतच राहिला. मग म्हणाला, "तोंड घोड्याचं. शिंगं म्हशीची. दाढी बोकडाची."

"आन नदीत उतरतं कसं?"

"काठावर येऊन थांबत्यात. पुढं कुनी व्हायचं, म्हनून दिसभर ढकलाढकली. मंग एकानं उडी टाकली की समदी पडत्यात."

"आन पिल्लू अल्याड ऱ्हायलं तर?"

हनीफने पान्हा उचलला, खाली ठेवला. "आई माघारी येती. पुन्ना त्याच पान्यात. येडं जनावर म्हनून सायब लोक हसायचे."

"तुमी?"

"मी गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालायचो. मला न्हाई बघवायचं."

हसीनाचं नाव दोघांनीही घेतलं नाही. पण इतकी वर्षं छातीवर असलेलं काहीतरी जरा हललं, असं जोहराबीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस.टी.ने बोरी बुद्रुकला गेली. चिमाजीची बायको साळुबाई अंगणात शेंगा निवडत होती. जोहराबीने बसल्या बसल्या शेंगांना हात लावला आणि घोड्याचं तोंड, म्हशीची शिंगं, बोकडाची दाढी सगळं सांगितलं.

"म्हंजे देवानं उरलंसुरलं एका जागी जोडलं," साळुबाई म्हणाली. "गाय न्हवंच की मग ती. आन तुमचं मालक बघत व्हते ते?"

"तोंड फिरवून बसायचे," जोहराबी म्हणाली. "त्यांना बघवायचं न्हाई."

दारात उभा राहून चिमाजी ऐकत होता. खाकरून म्हणाला, "इंजिन बंद हाय. दुसऱ्यानं हात लावून पार वाट लावली. उद्या धाडा त्यांना."

दिवेलागणीला ती घरी परतली, तर माळ्यावरची पेटी खाली आली होती.

"नवाब येऊन गेला," हनीफ म्हणाला. "हो म्हनून बसलो."

जोहराबी भिंतीला टेकून खाली बसली. "उद्या बोरीचं इंजिन करा, मंग जा," ती म्हणाली. "पन पेटी मी भरायची न्हाई. हसीना गेली तवा मी एकली व्हते. आता मला एकलं ऱ्हावत न्हाई."

सकाळी तो पान्ह्यांची पिशवी घेऊन पहिल्या एस.टी.ने गेला. जोहराबीने दिवसभर त्या पेटीकडे बघायचं टाळलं.

तो दुपार कलल्यावर आला, कोपरापर्यंत काळा. दारातच म्हणाला, "चालू झालं. चिमाजी म्हनतो मार्गशीर्षात गव्हाच्या पान्याला पुन्ना बघायला या."

"मग?"

"येतो म्हनालो."

नवाबची बोट तर त्याआधीच, कार्तिकात सुटणार होती. जोहराबीने चुलीवर त्याला हात धुवायला पाणी ठेवलं, आणि जाळ घालता घालता तिला रडू फुटलं. त्याच्यादेखत ती हसीनासाठी कधी रडली नव्हती. हनीफ येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिच्या लुगड्याला तेल लागू नये म्हणून दोन्ही हात त्याने समोर धरले होते, आणि पाणी उकळायला लागलं तरी दोघांतलं कुणीच उठलं नाही.