दोन वाजताची बाई

काजल सात वर्षांची, अल्लीपूरची. रक्ताचा कर्करोग. हातापायांच्या शिरा सुयांनी संपल्या होत्या, म्हणून छातीतल्या मोठ्या शिरेत नळी बसवली होती आणि औषध तिथूनच जायचं. नळी तुंबू नये म्हणून रोज दुपारी दोनला तिच्यातून थोडं सलाईन सोडायचं काम माझं. मी मोहिनी, लेकरांच्या वॉर्डातली सिस्टर, बारा वर्षांची जुनी आणि जिभेची तिखट.

नळी बसली त्याच दिवशी काजलच्या आजीनं, आनंदाबाईनं, नळीला काळा दोरा गुंडाळला. गावच्या मारुतीचा अंगारा फासलेला. मी तोंड उघडलं तशी म्हणाली, "सिस्टरबाई, दोरा हाताले नाई, नळीलेच पायजे. सारा जीव तिच्यावरच हाय ना पोरीचा?"

दुसरी कुणी असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. पण म्हातारीनं सकाळीच मला प्रेमानं झुणका-भाकर खाऊ घातली होती. म्हटलं, एका दोऱ्यानं काय आभाळ कोसळतंय! दोऱ्यावरूनच पट्टी चिकटवली.

नवव्या दिवशी, दोन वाजून दहा मिनिटांनी, काजल थरथरायला लागली. दात वाजत होते, खाटेची कडी वाजत होती. ताप एकशे चार. तासाभरानं सगळं शांत झालं.

"ती बाई आलती," काजल म्हणाली. "थंडगार हात हायत तिचे. छातीतून आत घालते."

"कशी दिसते गं?"

"तोंड नाई तिले."

भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला.

डॉक्टर धीरजनी नळीतलं आणि हातातून कसंबसं मिळालेलं, दोन्हीकडचं रक्त तपासायला पाठवलं, औषध सुरू केलं. तरी दुसऱ्या दिवशी दोनलाच ती बाई आली. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या आया दोन वाजायच्या आत लेकरं उचलून व्हरांड्यात जायला लागल्या. खरं सांगते, मीही घड्याळाकडे बघायचं टाळू लागले.

चौथ्या दिवशी एका बाळाला झटके आले आणि त्या धावपळीत काजलचं सलाईन राहून गेलं. दोन वाजले. काही झालं नाही. तीन वाजले. आजीनं मारुतीला हात जोडले. पाच वाजता मला आठवलं, मी नळीत सलाईन सोडलं. दहा मिनिटांनी खाटेची कडी वाजायला लागली.

माझ्या हातात रिकामी सिरिंज होती, तोंडावर मास्क होता. बिनतोंडाची बाई कोण, ते मला तिथंच कळलं.

पट्टी सोडली. दोरा ओला, चिकट, अंगाऱ्याचा चिखल झालेला, खाली कातडी लाल. जंतू नळीत घर करून बसले होते आणि रोज दोनला मीच त्यांना लेकराच्या रक्तात ढकलत होते. तपासणीतही तेच निघालं. हातातल्या रक्तापेक्षा नळीतल्या रक्तात जंतू कितीतरी तास आधी उगवले होते, म्हणजे मूळ नळीतच होतं.

"नळी आजच काढायची," धीरज म्हणाले. "हा जंतू नुसत्या औषधानं नळी सोडत नाही."

आजी खाटेसमोर आडवी उभी राहिली. "काढान तं पोरगी जाईन माही! शिरा कुठं हायत तिच्या?"

"आजी, ती बाई मीच आहे," मी म्हटलं. सगळं सांगितलं, दोऱ्यावरून पट्टी चिकटवल्याचंही.

"मंग तवा मले काऊन नाई हटकलं?"

एवढं विचारून ती बाजूला झाली.

नळी निघाली. मनगटाजवळ एक शीर सापडली, तीही पाचव्या सुईला. त्या एका शिरेवर औषध चाललं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मला रडूच आलं.

दुपारी मुद्दाम तिला भेटायला गेले. मास्क काढून, रिकाम्या हातांनी दारात उभी राहिले. काजल पोहे खात होती. मला पाहिलं आणि चमचा टाकून आजीच्या पदरात शिरली.

"आजी, ती आली."

आजीनं वळून पाहिलं. रोजच्यासारखं 'या सिस्टरबाई' म्हणाली नाही. वर घड्याळात दोन वाजले होते.