चेरीच्या बियांची पिशवी

दवाखान्यातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ताटासमोर बसल्यावर नातीला जाड होण्याची जी भीती वाटते तिच्यावर गोळी नाही. जेवताना खेळ खेळा, श्वास सावकाश सोडायला सांगा, जेवण झालं की पोटावर गरम पिशवी ठेवा. आणि अन्नाबद्दल, अंगाबद्दल अवाक्षरही नको.

गेनोवेफा आजींनी सगळं पाठ केलं. "खा गं, अजून घे," हे जन्माचे शब्द गिळायला त्यांना महिना लागला. उन्हाळ्यातल्या चेरीच्या बिया धुऊन, वाळवून त्यांनी शेगडीवर तापवायच्या पिशवीत शिवल्या. नात कालिना नाताळच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून जेवणापुरती घरी येणार होती. ठरलेलं जेवण संपवलं तर पुढे दर रविवारी घरी. नाही तर पुन्हा नाकातून नळी.

आजींची धाकटी बहीण लुत्सिना अशीच सुकत गेली होती. तेव्हा या दुखण्याला नावच नव्हतं. गाव म्हणे, प्रेमभंग. आई बशी घेऊन तिच्यामागे फिरायची. विसाव्या वर्षी लुत्सिना गेली.

"आई, लक्षात आहे ना?" सून बोझेना, कालिनाची आई, कुजबुजली.

"सगळं. तू तुझी जीभ सांभाळ."

पहिला तारा दिसल्याशिवाय सणाचं जेवण सुरू करायचं नसतं; त्याची वाट पाहताना कालिनानेच खेळ काढला. "आजी, नद्या. 'न'."

"नारेव! सोपं देतेस होय गं, म्हातारी समजून?"

पोरगी खुदकन हसली.

तारा दिसला. सगळे उभे राहिले. जेवणाआधी एकमेकांच्या हातातल्या, गव्हाच्या पवित्र पापुद्र्याचा तुकडा मोडायचा आणि शुभ चिंतायचं. आजींनी तुकडा मोडला, आनंदाने डोळे भरले आणि जन्माची सवय बोलून गेली, "देव तुला अशीच ठेवो, बाळा. गाल कसे छान भरून आलेत!"

कालिनाने आपला तुकडा बशीच्या कडेला ठेवला.

बिटाचं सार निवत गेलं.

"श्वास सोड, सावकाश," बोझेना म्हणाली.

"नद्या," आजी म्हणाल्या. "'ओ'."

"ओडर."

"'स'."

"सान."

सगळ्या नद्या संपल्या. कालिनाने चमचा उचललाच नाही.

दारात कोट चढवताना कालिनाने आजींचा हात दाबला. "वाईट वाटून घेऊ नकोस, आजी. तू प्रेमानेच बोललीस."

मोटार दवाखान्याकडे गेली. शेगडीवरची पिशवी अजून गरम होती. लुत्सिनाशी आईसुद्धा प्रेमानेच बोलायची.