आधी कुणाला

मार्लिस ट्वेटच्या जेवणाच्या टेबलावर सात आठवडे दोन जाडजूड पाकिटं पडून होती. दोन्हींत एकच कादंबरी, चारशे बारा पानांची. एकावर न्यूयॉर्कच्या एका संपादकाचं नाव, दुसऱ्यावर न्यूयॉर्कच्याच एका एजंटबाईचं. पत्रं आत घातलेली, तिकिटं चिकटवलेली, फक्त पोस्टात टाकायची बाकी. तोवर नवराबायको टेबलाच्या उरलेल्या टोकाला कोपराला कोपर लावून जेवत होती. व्हर्लिनने एकदा मिठाची बाटली पाकिटावर ठेवली, तेव्हा मार्लिसने ती अशी झडप घालून उचलली की बिचाऱ्याने पुढचे दोन दिवस मीठच घेतलं नाही.

मार्लिस सत्तावन्न वर्षांची. मोठ्या तळ्याकाठच्या डलूथ शहरात एका दातांच्या दवाखान्यात ती पेशंटना वेळा द्यायची. दुसऱ्यांच्या वेळा ठरवण्यात पटाईत आणि स्वतःचं काही ठरवायचं म्हटलं की हातपाय गळाले, अशी तिची तऱ्हा. तळ्यावर हेरिंग मासे धरणाऱ्या एका विधवेची ही गोष्ट तिने अकरा वर्षं रोज कामावर जाण्याआधी तासभर बसून लिहिली होती. दुसरी लिहिण्याइतकी वर्षं आपल्याकडे आहेत असं तिला मुळीच वाटत नव्हतं. जे व्हायचं ते हिचंच व्हायला हवं होतं.

आणि घोळ होता तो आधी कुणाला पाठवायची याचा. दर गुरुवारी लुथरन चर्चच्या तळघरात लिहिणाऱ्यांचा एक गट जमायचा, तिथे यावरून दोन तट पडले होते. आयनेझचं म्हणणं, सरळ संपादकाला पाठव. उन्हाळ्यातल्या लेखनशिबिरात मिस्टर व्हिटकोम स्वतः तुला म्हणाले ना, पुरी झाली की माझ्याकडे पाठवा म्हणून? बोलावणं आलंय आणि तू अजून दारात बूट काढत बसली आहेस. हे ऐकलं की मार्लिसला वाटायचं, आयनेझचंच खरं. मग रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर कॉनरॅड घसा खाकरायचे. एखादी प्रकाशनसंस्था एकदा नाही म्हणाली की तेच पुस्तक पुन्हा तिथे जात नाही, कुणाच्याही हातून जात नाही. एजंटचं कामच मुळी पुस्तक संस्थांकडे घेऊन जाण्याचं, तेव्हा तिला कुणी न पाहिलेलं पुस्तक हवं असतं. असल्या पुस्तकाला जागा मोजून बारा, त्यातल्या काही तूच आधी बुजवून ठेवल्यास तर ती जाणार कुठे? हे ऐकलं की कॉनरॅडचंच खरं वाटायचं. पण एजंट मंडळी वर्षवर्ष उत्तर देत नाहीत, आणि तेवढ्यात व्हिटकोम आपल्याला साफ विसरले तर? बाई घरी येऊन पाकिटांकडे बघत बसायची.

एजंटबाईंच्या पत्रात कॉनरॅडनी एक वाक्य मुद्दाम घालायला लावलं होतं: ही कादंबरी अद्याप कोणत्याही संपादकाच्या हाती गेलेली नाही. संपादकाच्या पाकिटात उत्तरासाठी एक छोटं पाकीट होतं, त्यावर स्वतःचंच नाव, स्वतःचाच पत्ता, स्वतःचंच तिकीट. ही त्या धंद्याची रीत. नकार यायचा तोही आपल्याच अक्षरात.

फेब्रुवारीत एक दिवस व्हर्लिन पुतणीच्या वाढदिवसाचं पार्सल टाकायला पोस्टात गेला. संध्याकाळी मार्लिस घरी आली तर टेबल मोकळं आणि मधोमध भट्टीतून काढलेल्या हॉटडिशचं, मांस-बटाट्याच्या जेवणाचं, भांडं वाफाळत होतं.

"टाकून आलो," तो म्हणाला.

"कुठलं?"

"दोन्ही. आता तुला ठरवायला नको."

मार्लिस कोटासकट खुर्चीवर बसली. परत आणता येतील का, एवढंच तिने विचारलं. व्हर्लिनची एकतीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर गेली होती. एकदा जहाजात पडलेला माल परत वर येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "अगं, एकाला नाही तर दुसऱ्याला आवडेल. लॉटरीची दोन तिकिटं घेतली तर बिघडलं कुठे?"

तेव्हा तिने त्याला ते वाक्य सांगितलं. लिहिलं तेव्हा ते खरं होतं. आज दुपारी पोस्टाच्या खिडकीवर ते खोटं झालं होतं आणि त्याच्याखाली तिची सही होती. व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. मग नवऱ्याने मूर्खपणा केला असं खुशाल लिहून कळव, तो म्हणाला. तिने तसं पत्र लिहायला घेतलं, नऊ वेळा लिहिलं आणि नऊ वेळा फाडलं. शाळेतल्या पोरीने गृहपाठ कुत्र्याने खाल्ला म्हणावं तसं ते वाटत होतं. शेवटी राहिलंच ते.

पुढचे सहा आठवडे बाईचा जीव टांगणीला लागला होता. दवाखान्यात तिने एकाच वेळेला दोघांना बोलावून ठेवलं आणि दोघांचेही दात दुखत होते. व्हर्लिन घरात पाय न वाजवता वावरायचा, न सांगता भांडी घासायचा. त्याच्यावर रागावून काही उपयोग नव्हता आणि न रागावणं जमत नव्हतं. संपादक नाही म्हणाले तर आपण ना इकडचे ना तिकडचे, हे गणित ती दिवसातून दहादा मांडायची आणि उत्तर दहाही वेळा तेच यायचं.

मार्चमधल्या एका बुधवारी दवाखाना दुपारी बंद झाला. ती घरी आली तेव्हा दारातल्या पेटीत ते छोटं पाकीट होतं. त्यावर तिचंच अक्षर होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, उघडायला अंगठा घातला आणि फोन वाजला.

"मिसेस ट्वेट? मी जुडिथ पर्लमटर. न्यूयॉर्कहून बोलतेय."

एजंटबाई भरभर बोलत होत्या. कादंबरी त्यांनी दोन दिवसांत वाचून संपवली होती. विधवा नवऱ्याचं जाळं कापते ते प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं होतं. शेवट थोडा लांबलाय, तो बघू. पण पुस्तक त्यांना हवं होतं. मार्लिस नुसती हो हो म्हणत होती. अकरा वर्षांत तिच्याशी तिच्या पुस्तकाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

"एकच विचारायचं राहिलं," पर्लमटरबाई म्हणाल्या. "संपादकांपैकी कुणी पाहिलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते अजून तसंच आहे ना?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. एवढा वेळ हो हो चाललंच होतं, त्यातच एक आणखी. पाकिटात काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं, म्हणजे तसं ते पूर्ण खोटंही ठरलं नसतं. सिंकपाशी व्हर्लिन हातात फडकं घेऊन तसाच उभा होता. मार्लिसला वाटलं, हे आत्ता गिळलं तर या बाईचा फोन आला की दर वेळी आपलं धाबं दणाणणार.

"नाही," ती म्हणाली. "तसं राहिलेलं नाही. मिस्टर व्हिटकोमना पाठवलंय. त्याच दिवशी."

मग बाईंनी संस्थेचं नाव घेऊन, तिथलेच ना, असं विचारलं. तिथलेच, मार्लिस म्हणाली. "मी सगळ्यात आधी तिथेच जाणार होते," बाई म्हणाल्या. आवाजातली ऊब गेली होती. "उत्तर आलंय?"

"आत्ताच आलंय. हातात आहे. उघडलेलं नाही."

"उघडा. मी थांबते. पण आधीच सांगते, नकार असेल तर मला विचार करावा लागेल. पहिलंच दार बंद झालेलं पुस्तक मी सहसा घेत नाही."

मार्लिसने फोन खांद्यावर दाबून पाकीट फाडलं. आत पत्रही नव्हतं, छापील चिठ्ठी होती, तीन ओळींची. तिने ती मोठ्याने वाचली. मिस्टर व्हिटकोम नोव्हेंबरमध्ये आमची संस्था सोडून गेले आहेत. त्यांच्या नावे आलेली हस्तलिखिते विचारात घेतली जात नाहीत. आपले हस्तलिखित न वाचता नष्ट करण्यात आले आहे.

"शेवटची ओळ परत वाचा," बाई म्हणाल्या.

तिने वाचली.

"न वाचता?"

"न वाचता."

"मग तिथे कुणी नाही म्हटलंच नाही की हो," पर्लमटरबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात हसू होतं. "त्यांच्याकडे एक संपादिका आहेत, उद्या सकाळी मी त्यांच्याशी बोलते. तुम्ही आता कुणाला काहीही पाठवू नका."

फोन ठेवल्यावर मार्लिसला उठवेना. चारशे बारा पानं कुणी एक ओळही न बघता कचऱ्यात टाकली होती. एरवी असं कळलं असतं तर तिने आठवडाभर अंथरूण धरलं असतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

व्हर्लिनला इकडचंच बोलणं ऐकू आलं होतं. तो पांढराफटक पडला होता. "वाचलंसुद्धा नाही त्यांनी?"

"नाही वाचलं," ती म्हणाली. "एक पान नाही वाचलं. म्हणूनच वाचलो रे आपण!"

तिला पुढे बोलताच येईना. त्याने खुर्ची ओढली, तिचा हात धरला आणि चुकलो, माझं चुकलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.