तार वाचणारी बाई

हिरवी बांगडी चढताना अंगठ्याच्या हाडावर अडली होती, आणि यमुनेच्या पुतण्याची सून दीपाली साबणाचा फेस लावून तिचा हात दाबत होती… रामाकोना गावातल्या त्या ओसरीत विजयमालाबाई नुसत्या पाहत राहिल्या. हेच ते मनगट — एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत आपण धरलेले.

"हळू वं पोरी, हात तोडून राहिली काय!" यमुना हसली. "ताई, तुमी तं लयच म्हाताऱ्या झाल्या."

"तू नाही झालीस?"

"मले टाइम कुठी हाय?"

उद्या पांढुर्ण्याला विजयमालाबाईंचा सत्कार होता. यमुनेने व्यासपीठावर बसावे म्हणून त्या बोलवायला आल्या होत्या. त्यांच्या प्रत्येक भाषणात यमुना असायचीच — सौंसरला जवानांसाठी लोकरीचे कपडे गोळा करत होतो, आघाडीवर गेलेला यमुनेचा नवरा हेमराज याच्या घरी तार आल्याचे कळले, धावलो, तार वाचली, आपला चेहरा पाहून त्याच्या आईने सुनेच्या बांगड्या फोडायला दगड उचलला, आणि आपण मनगट धरून सगळ्यांदेखत बजावले, ह्या बांगड्या कोणी फोडायच्या नाहीत! मग टाळ्या… या घराची पायरी मात्र त्यानंतर आज चढलो.

"येशील ना उद्या?"

"एकटी कायले येऊ? हे आले म्हंजे दोघंबी येऊ."

"हे… कोण?"

"घ्या!" यमुना लाजली. "तुमीच तं माहा हात धरला. सासू मरेपर्यंत म्हने, ताई शिकेल बाई, तार तिनंच वाचली. मानूस गेला असता तं फोडू दिल्या असत्या. पेन्शन आली तवा लोक लय बोलले, मानूस गेला म्हनून. मी म्हनलं, बोला."

दीपालीने मान खाली घातली. म्हणजे घराला ठाऊक होते…

किती बोललो होतो त्या दिवशी — रूढी, अन्याय, बाईचा मान. हेमराज गेला, एवढेच तेवढे बोललो नाही. या घरात मरण तोंडाने सांगायची रीतच नव्हती, बांगड्या फुटल्या की ते कळायचे. ते आपण थांबवले, आणि त्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही. संध्याकाळी लोधीखेड्याला सभा होती, घाई होती…

"ताई, येतीन ना हे?"

विजयमालाबाईंचे त्यांनाच नवल वाटले — त्या मनातल्या मनात त्या सासूला शोधत होत्या, जिला तेव्हा खांद्याला धरून मागे सारले होते. तिने यावे, आपल्याला बाजूला करावे, हे तिने उरकावे… डोळे भरून आले, पण त्यांनी ते मोठ्या कष्टाने आवरले. या ओसरीतले पहिले रडणे यमुनेच्या हक्काचे होते. ते आपण आधी कसे घ्यावे?